एका टेबलावर एकच बोट

पायलटबाईंनी चौदा वर्षांत हजारो विमानं उडवली होती आणि विमानात एकदाही पाय ठेवला नव्हता. पाय कसला, विमानतळाच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी जाणं झालं नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं की रस्त्यातली माणसं मान वर करतात. बाई करत नसत. दिवसभर जे बघायचं तेच संध्याकाळी पुन्हा बघायची हौस कुणाला असते हो?

आता हे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं. जगात काही माणसं अशी असतात की त्यांना विमान चालवायचं असतं आणि ते राहून गेलेलं असतं. कुणाचे डोळे अधू, कुणाला संसारानं धरून ठेवलं, कुणाचं वय निघून गेलं. मग ही माणसं घरातल्याच एका खोलीत विमानाची पुढची केबिन उभी करतात. खुर्ची, दांडा, पायाखाली पॅडल, समोर पडदे. कॉम्प्युटर चालू करायचा आणि तास तास उडायचं. शेजारीपाजारी म्हणतात डोकं फिरलंय, बायको म्हणते निदान डोळ्यांसमोर तरी आहेत. तर या केबिनमध्ये, हाताशी, एक टचस्क्रीन लागतो. कडेनं फिरवायची बटणं, मधे काच. काचेवर नकाशा, उंची, वेग, दिशा. बोट लावलं की विमान वळलं पाहिजे. असले स्क्रीन बाईंच्या कारखान्यात तयार होत.

कारखाना म्हणायचं आपलं. एका लाँड्रीच्या डोक्यावर तीन खोल्या आणि तिथवर न्यायला एकतीस पायऱ्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ यायची. पहिल्या खोलीत मालक. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, आता चौकटी जोडत आणि गिऱ्हाइकांशी फोनवर बोलत. सगळ्यात आतल्या खोलीत चष्मेवाला, चाळिशीतला जाड भिंगांचा माणूस, स्क्रीनच्या आत जो प्रोग्रॅम असतो तो लिहायचा. आणि मधल्या खोलीत काचेच्या पेट्या, बाईंचं टेबल आणि बाईंचं स्टूल. स्टुलावर जुन्या चादरीची चौघडी उशी होती, ती बाईंनी स्वतः शिवलेली. पायलटबाई हे नाव चष्मेवाल्यानं ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरही मालक तेच लिहीत.

बाईंचं काम ऐकायला सोपं. काच घ्यायची, स्पिरिट मारून फडक्यानं पुसायची, टेबलावरच्या यंत्राला जोडायची. काचेवर पस्तीस गोल उमटायचे, सात आडवे, पाच उभे. एकेका गोलावर बोट टेकवायचं. काचेनं ऐकलं की गोल हिरवा. पस्तीस हिरवे झाले की चिठ्ठीवर आकडा टाकायचा आणि सही करायची. आकडा म्हणजे काचेचा कान किती तीक्ष्ण ठेवला तो. एक ते दहा. चार हा नेहमीचा. काच ऐकत नसेल तर पाच करायचा, सहा करायचा. त्याहून वर गेला तर काचेतच खोट.

कारखान्यात अशा काचांना नावं होती. ऐकत नाही ती बहिरी. बोट लागायच्या आधीच ऐकते ती आगाऊ. उशिरा ऐकते ती आळशी. नावं बाईंनीच पाडलेली.

आणि एक नियम होता, मालकांचा. एका टेबलावर एकच बोट. प्रत्येकाचं बोट वेगळं; कुणी दाबतं, कुणी नुसतं शिवतं. आज याचं, उद्या त्याचं लावलं तर एक स्क्रीन एक तऱ्हेचा आणि दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा व्हायचा. म्हणून चौदा वर्षं बाईंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाशिवाय एकही बोट त्या काचांना लागलं नव्हतं. मालक गिऱ्हाइकाला फोनवर सांगत, "आमच्याकडे माणूस एक, बोट एक, सही एक." मधल्या खोलीतून बाई हे ऐकत. कौतुक वाटायचं सुरुवातीला. पुढे पुढे खांदा इतका भरून यायचा की वाटायचं, बोटाचं कौतुक पुरे, जरा हाताचंही बघा कुणीतरी.

घरी यायच्या तेव्हा संध्याकाळची साडेसहा. नवरा दारातच मशीनवर बसलेला असायचा, लोकांच्या पँटी आखूड कर, बाह्या सैल कर. मान वर न करता ठरलेला प्रश्न विचारायचा, "काय पायलटबाई, उतरलं का विमान?"

"उतरलं एकदाचं," बाई म्हणायच्या आणि तिथेच दाराला टेकून बसायच्या. चपला काढायचंही त्राण नसायचं.

गेले चार महिने मात्र विमान धड उतरत नव्हतं. काचा बहिऱ्या निघायला लागल्या होत्या. आधी चारावर लागायचं ते पाचावर लागायला लागलं. मग सहा. योगायोग बघा, त्याच सुमाराला काचवाल्यांनी काचेवरचा संरक्षक कागद बदलला होता, पांढऱ्याऐवजी निळा. काचवाले म्हणजे मालकांचे जुने दोस्त, वीस वर्षांचा व्यवहार. बाईंनी मालकांना सांगितलं, "मालक, निळ्या कागदाची काच काही खरी नाही."

मालकांनी काचवाल्यांना फोन लावला. काचवाले म्हणाले, काच तीच आहे, कागद फक्त बदलला. मालक म्हणाले, "बाई खोटं सांगतायत का?" काचवाले म्हणाले, मी असं कुठं म्हटलं. दर आठवड्याला हा फोन व्हायचा आणि दर आठवड्याला आवाज वर चढायचा. इकडे गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी मालकच वैतागून म्हणाले, "आठ तर आठ, पण पाठवा." सात आणि आठ आकड्यावर एकसष्ट स्क्रीन गेले. नंतर आठावरही गोल हिरवे होईनात, तेव्हा तीन पेट्या मालकांनी दोरी बांधून भिंतीला लावून ठेवल्या. परत पाठवायला.

घरी आणखी एक कटकट होती. मुलगी नोकरीसाठी लांब गेलेली, तिचा फोन आला की बाई पडद्यावर बोट फिरवत बसायच्या आणि फोन काही उचलला जायचा नाही. वाजून वाजून बंद. मग नवरा हातातली कात्री ठेवून यायचा आणि एका झटक्यात उचलायचा. मुलगी रुसायची. "आई मुद्दाम उचलत नाही. मी गेले म्हणून अजून राग आहे तिला." बाई म्हणायच्या, "अगं, राग कसला, हा फोनच म्हातारा झालाय." मनात मात्र लागायचं.

मग एका शुक्रवारी ड्रायव्हरकाका आले. बस चालवून निवृत्त झालेले, सत्तरीचे, अंगानं आडवे. आंघोळीच्या टॉवेलात स्क्रीन गुंडाळून एकतीस पायऱ्या चढले आणि धापा टाकत मधल्या खोलीतच उभे राहिले.

"बाई, माझं विमान मी हात लावायच्या आधीच वळतं हो!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! चाळीस वर्षं बस चालवली, स्टिअरिंग फिरवल्याशिवाय कधी वळली नाही. आणि हे तुमचं विमान, मी नुसतं बोट दाखवलं की निघालं डावीकडे! काल डोंगरात घातलं मी. दोनशे प्रवासी होते मागे."

चष्मेवाला आतून हसला. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी स्क्रीन जोडला. काकांनी बोट काचेपासून चांगलं पेरभर वर धरलं, आणि गोल हिरवा झाला. दुसरा झाला. आगाऊ काच. बाईंनी मागची चिठ्ठी पाहिली. आकडा आठ. खाली त्यांचीच सही.

मग त्यांनी स्वतःचं बोट टेकवलं. काच अगदी शहाण्यासारखी वागली. टेकवल्यावर हिरवा, उचलल्यावर पुढचा. ना आधी, ना नंतर.

"माझ्या हाताला तर बरोबर लागतंय," बाई म्हणाल्या.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे. "थंडीच्या दिवसांत पहाटेची पाळी असली की माझा फोन असाच ऐकायचा नाही," ते म्हणाले. "बोट कोरडं ठणठणीत पडायचं ना. मग मी असं करायचो." त्यांनी बोट तोंडाजवळ नेऊन त्यावर तोंडाची गरम वाफ सोडली. "आता घरी बसून सौ. रोज मलम चोपडते, नवऱ्या मुलीसारखे हात झालेत बघा."

त्यांनी हात उलटेपालटे करून दाखवले, आकडा चारावर आणून घेतला, खूश झाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून गेले. जाताना म्हणाले, "एकदा या घरी. मोकळी सीट आहे शेजारची."

बाई स्टुलावर बसून राहिल्या. मालक बाहेर गेले होते. चष्मेवाला आत टकटक करत होता. त्यांनी भिंतीजवळच्या पेटीची दोरी सोडली, एक बहिरी काच काढली, जोडली, आकडा चारावर ठेवला. बोट टेकवलं. काही नाही. मग बोट ओठांजवळ नेलं, हा करून वाफ सोडली आणि टेकवलं.

हिरवा.

आणखी एक काच काढली. हिरवा. आणखी एक. मग त्यांनी बोट उजेडाकडे धरलं. कधी नीट बघितलंच नव्हतं. टोकावरच्या रेषा गेलेल्या, कातडं कागदासारखं पांढरं, गुळगुळीत, कडेला चिरा. चौदा वर्षं रोज स्पिरिट. हातमोजे घातले तर काच ऐकत नाही, म्हणून उघड्या हातानं. काच बहिरी नव्हतीच. बोटच गेलं होतं.

इथे कुणी म्हणेल, मग उठून लगेच सांगायचं की मालकांना. सांगणाऱ्याचं काय जातं! बाई त्रेपन्न वर्षांच्या. त्याआधी त्यांनी काय केलं होतं, तर एका खोक्याच्या कारखान्यात घड्या घातल्या होत्या, तो बंद पडला. या टेबलावर त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती, आणि ती गेली हे त्यांनीच जाऊन सांगायचं? बोट गेलं की स्टूल गेलं. हे कळायला कुणी हुशार असावं लागत नाही.

त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाकिटं चिकटवायची ओल्या स्पंजची डबी त्यांनी टेबलावर आणून ठेवली. काच पुसायची, स्पंजला बोट लावायचं, गोल दाबायचे. सगळे हिरवे. पण पाण्याचा डाग राहायचा, मग पुन्हा पुसायची, पुन्हा दाबायची. दिवसाला वीस व्हायचे ते बारा व्हायला लागले. आणि प्रत्येक सहीला हात अडायचा. ओल्या बोटानं दिलेली साक्ष ती, त्यांनाच पटत नव्हती. कोरड्या बोटाला काच कशी लागेल हे त्यांना आता ठाऊकच नव्हतं.

बुधवारी मालक म्हणाले, "चारावर लागायला लागली की! ही पेटी बरी निघाली वाटतं?"

"हो," बाई म्हणाल्या.

एवढाच शब्द. पण दुपारचा डबा तसाच परत गेला. नवऱ्यानं डबा उघडून पाहिला, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच विमानाचं काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी काचवाले आले. मालकांनीच बोलावलं होतं, शेवटचं काय ते बोलायला. एकतीस पायऱ्या चढून आले, चेहरा उतरलेला, गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. वीस वर्षांत आल्या आल्या पाणी मागायचे. आज मागितलं नाही. मालकांनीही विचारलं नाही.

"तुझ्या डोळ्यांदेखत दाखवतो," मालक म्हणाले. "म्हणजे मग पाठीमागे बोलायला नको." त्यांनी स्वतः दोरी सोडली, काच काढली, बाईंच्या टेबलावर जोडली. आकडा चार. "लाव तुझंच बोट. नियम मोडतो आज."

काचवाल्यांनी बोट लावलं. काही झालं नाही. दाबलं. काही नाही. पस्तीसमधले तीन हिरवे झाले, तेही कोपऱ्यातले. दुसरी काच. दोन. मालकांनी त्यांना बाजूला सारून स्वतःचं बोट लावलं. एक.

"बघितलंस?" मालकांचा आवाज चढला. "तू म्हणत होतास ना, बाईंचं काहीतरी चुकत असेल? तुझी काच खोटी असेल, बाईंचं बोट खोटं नाही. चौदा वर्षं बघतोय मी."

काचवाले त्या काचेकडे बघत राहिले. मग हळूच पेटीवर बसले. "कारखान्यात माणसं बदलली," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "मला फसवलं असेल त्यांनी. मी तुला खोटं बोललो नाही रे. पण आता माझ्याच बोटानं..." उठले, बरोबर आणलेली माणसं खाली गाडीपाशी होती त्यांना हाकही न मारता पहिली पेटी स्वतःच उचलायला वाकले. पाठ धरली. तसेच पेटीला धरून उभे राहिले.

बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना काचवाल्यांचे हात दिसत होते, पेटीच्या कडेला धरलेले. तीस वर्षं काच हाताळलेले हात. टोकं पांढरी, गुळगुळीत, कापल्याच्या जुन्या खुणा. मालकांचे हात त्यांनी रोजच बघितले होते, सोल्डरच्या चटक्यांनी टणक झालेले. एका खोलीत तीन माणसं आणि तिघांचीही बोटं मेलेली. त्या बोटांच्या साक्षीवर एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवून खाली पाठवत होते.

आता गप्प बसले तर जन्मभर हे पेटीवरचे हात दिसतील, असं बाईंना वाटलं. आणि बोलले तर सोमवारी कुठे जायचं, तेही त्याच क्षणी वाटलं.

"पेटी ठेवा खाली," त्या म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. बाई उठल्या, आतल्या दारात गेल्या. "जरा बाहेर या. चष्मा राहू दे, बोट द्या."

चष्मेवाला गोंधळून बाहेर आला. बाईंनी त्याला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. "हे गोल दाबा. एकेक."

"मी? नियम..."

"दाबा हो!"

त्यानं दाबले. पहिला हिरवा, दुसरा हिरवा, एक ओळ, दोन ओळी, पस्तीसच्या पस्तीस. आकडा चार. बाईंनी दुसरी काच जोडली. पस्तीस. तिसरी. पस्तीस. या गृहस्थानं जन्मात कीबोर्डशिवाय कशाला हात लावला नव्हता. घरी खिळाही बायको ठोकायची. तेच बोट कामाला आलं.

"काच चांगली आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून चांगली होती. माझं बोट गेलंय, मालक. तुमचंही गेलंय. यांचंही. ते एकसष्ट स्क्रीन मी आगाऊ करून पाठवले."

खाली इस्त्री आपटल्याचा आवाज आला.

"कधी कळलं?" मालकांनी विचारलं.

"गेल्या शुक्रवारी."

"शुक्रवारी! आठ दिवस?" मालक ताडकन उठले. "चार महिने मी या माणसाला वाट्टेल ते बोललो! याच्या मुलाच्या लग्नाला गेलो नाही मी! आणि तुम्हाला शुक्रवारी कळलं, आणि बुधवारी मी विचारलं तेव्हा हो म्हणालात?"

"म्हणाले."

"का?"

बाईंनी खूप काही ठरवून ठेवलं होतं आठ दिवस. तोंडातून आलं ते एवढंच, "मला दुसरं काही येत नाही, मालक."

काचवाले पाठ धरून सरळ झाले. ते बाईंच्या टेबलाजवळ आले, स्वतःचा हात टेबलावर उताणा ठेवला आणि बोटं न्याहाळली. मग बाईंचीही. "मला पाणी द्या कुणीतरी," ते म्हणाले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. पाणी प्यायले आणि मालकांकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. पेट्या तिथेच राहिल्या.

मालकांनी एकसष्ट नावांची यादी काढून बाईंपुढे टाकली. बाईंनी बाहेरच्या खोलीतला जुना बटणांचा फोन पुढे ओढला. त्या फोनला कसलंही बोट चालायचं. एकेकाला लावायचा आणि सांगायचं, सेटिंगमध्ये जा, आकडा चारावर आणा, चूक माझी झाली. कुणी बरं म्हणालं. कुणी तासभर तक्रार केली. एका बाईंचं विमान रोज समुद्रात पडत होतं आणि त्यांना वाटत होतं आपल्यालाच येत नाही, त्यांनी तर फोनवर रडून घेतलं. ड्रायव्हरकाकांना फोन करायची गरज नव्हती, तरी केला. ते म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुमच्या पोटावर पाय यायला नको म्हणून बोललो नाही."

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "उतरलं का?"

"आपटलं," बाई म्हणाल्या. आणि दाराला टेकून सगळं सांगितलं. नवऱ्यानं मशीन थांबवली. त्यांचा हात हातात घेतला, बोटाच्या चिरांवर तेल लावलं आणि वर चिंधी गुंडाळली. "माझ्या अंगठ्याला सुई टोचली तरी कळत नाही हल्ली," तो म्हणाला. "कधी बोललो का तुला?"

रविवारी सकाळी तो भाजी आणायला गेला असताना मुलीचा फोन वाजला. बाईंनी चिंधी सोडली, बोटावर वाफ सोडली आणि पडद्यावरून फिरवलं. पहिल्या फटक्यात लागला.

"बाबा?" मुलगी म्हणाली. मग, "आई? तू उचललास?"

"माझं बोट गेलं गं," बाई म्हणाल्या, "म्हणून उचलता येत नव्हता. राग नव्हता कधीच." आणि मग त्यांना जे रडू आलं ते आवरेना. पलीकडून मुलगी नुसतीच "आई, आई" म्हणत राहिली.

सोमवारी बाई कारखान्यात गेल्या त्या उशी आणि पाण्याची बाटली आणायला. नोकरीवरून काढलं असं मालकांनी म्हटलं नव्हतं, ठेवलं असंही म्हटलं नव्हतं. एकतीस पायऱ्या चढताना त्या तीनदा थांबल्या.

मधल्या खोलीत चष्मेवाला त्यांच्या स्टुलावर बसला होता. त्यांच्या उशीवर. बाई दारातच थबकल्या. तो काचा भराभर लावत होता, अर्ध्या मिनिटात पस्तीस हिरवे, की काच बाजूला. जणू टाइप करायला बसलाय.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

तो दचकला. "ताई! अहो, सगळे हिरवे आहेत की."

"पुन्हा करा. सावकाश."

त्यानं केलं. बाई त्याच्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. बोट बघत नव्हत्या, गोल बघत होत्या. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. "थांबा. हा चौथा. उशिरा आला."

"मला तर नाही दिसला."

"पुन्हा लावा. आता शेजारचा लावा. आता हा. बघा."

तिसऱ्यांदा त्यालाही दिसलं. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा उशीर. चार महिन्यांतली पहिली खरी खोट. "आळशी काच," बाई म्हणाल्या. "बाजूला ठेवा. उतरताना धोका व्हायचा कुणाला तरी."

मालक कधी येऊन दारात उभे राहिले ते दोघांनाही कळलं नव्हतं. ते पुढे आले, खाली वाकून त्यांनी तो गोल पुन्हा लावायला सांगितला आणि पाहिला. मग बाहेर गेले. बाईंनी भिंतीला हात टेकवला आणि उशी कशी मागावी याचा विचार करत उभ्या राहिल्या.

बाहेर काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. मालक स्वतःच्या टेबलामागचं स्टूल ओढत घेऊन आले, चष्मेवाल्याच्या शेजारी ठेवलं, त्याच्या खालची उशी खेचून काढली आणि या स्टुलावर टाकली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाईंच्या बाजूला सरकवला. अजूनही त्यांच्याकडे बघत नव्हते.

"उभ्यानं सही नीट येत नाही," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

बाई बसल्या. चिठ्ठीवर त्यांनी आकडा टाकला, बोटावरची चिंधी सांभाळत खाली सही केली आणि चष्मेवाल्याला म्हणाल्या, "घ्या पुढची."